लहान विमानाचे गणित

बंगळूर शहरात कस्तुरबा मार्गावर विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. त्याच्या आवारात ‘मरुत’ या नावाचे एक लढाऊ विमान उघड्यावर उभे केलेले दिसते. आणि आत गेले म्हणजे राइट बंधूंनी १९०३ साली उडविलेले विमान दृष्टीस पडते. यांपैकी बाहेरचे विमान खरे आहे. आतले मात्र खरे नाही. मूळ विमानाच्या मापाबरहुकूम, त्याच्याच आकाराचे, पण पुढे केव्हातरी नव्याने घडविलेले ते विमान आहे. अशा वस्तूस प्रतिकृती म्हणतात. प्रतिकृती ही नेहमी लहानच असते असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

तथापि बहुतेकांच्या परिचयाची प्रतिकृती लहान असते हेही खरे. दुकानात मिळणाऱ्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला लगटलेले शेपन्नास तुकडे असतात. ते सोडवून, घासून, चिकटवून व रंगवून तळहातावर मावेल असे विमान तयार होते. हा खेळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु विमानशास्त्राचा इतिहास पाहिला, तर लहान विमान करून पाहिल्यावाचून मोठे विमान सहसा कोणी केलेले नाही असे आढळते. मात्र लहान करताना विमानाचे काय काय लहान होते, आणि काय लहान होण्याचे साफ नाकारते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. येथे त्याचाच विचार करावयाचा आहे, आणि उदाहरणादाखल ‘मरुत’ हेच विमान घ्यावयाचे आहे.

हे विमान बंगळुरातच जन्मले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये या शहरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना स्थापन केला. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे त्याच सुमारास तेथे रुजू झाले. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४१ साली एक ग्लायडर, म्हणजे एंजिनाविना तरंगणारे विमान, बनले. ऑगस्ट १९५१ मध्ये ‘एच. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडाले. १९५८ साली ‘पुष्पक’ आणि १९६४ साली ‘किरण’ ही विमाने उडाली. ‘मरुत’ची, म्हणजेच ‘एच. एफ. २४’ची आखणी मात्र १९५६ साली भारतात आलेल्या कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाली.

‘मरुत’ची लांबी १५.८७ मीटर, पंखांच्या टोकांमधील अंतर ९ मीटर आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर आहे. पूर्ण भाराने उड्डाण करताना त्याचे वजन १०,९०८ किलोग्रॅमपर्यंत जाई. हे आकडे वाचकांनी हाताशी ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडेल.

छोटी विमाने करणाऱ्यांत सर्वांत रूढ असलेले प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. ही विचित्र संख्या इंग्रजी मापपद्धतीतून आलेली आहे. एका फुटात बारा इंच. सहा फुटांत बहात्तर. म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंच उंच होतो. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे जे संच निघाले, ते याच प्रमाणाचे होते. १९३६ साली ‘फ्रॉग’ या छापाखाली सेल्युलोज ॲसिटेटचे संच आले. परंतु तो पदार्थ कालांतराने वाकडातिकडा होत असे. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि १९५३ साली एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणल्यावर हा छंद घरोघरी पोहोचला.

मधल्या काळात एका गंभीर कामासाठीही हेच प्रमाण निवडले गेले होते. दुसरे महायुद्ध चालू असताना आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता येणे आवश्यक होते. चूक झाली तर आपलीच तोफ आपल्याच विमानावर धडाडे. यासाठी अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली तेथील शाळांकडे लाकडी विमानांची मागणी केली. संख्या होती पाच लाख. मुलांनी ती विमाने लाकडात कोरून काळ्या रंगाने रंगवून दिली. काळाच रंग का, तर दूरच्या विमानाची आकृती तेवढी दिसते, रंग दिसत नाहीत. पस्तीस फुटांवर टांगलेले असे विमान डोळ्यास जेवढे दिसते, तेवढेच खरे विमान अडीच हजार फुटांवरून दिसते. सैनिकांच्या डोळ्यांचे शिक्षण या गुणाकारावर उभे होते.

हाच गुणाकार आता ‘मरुत’ला लावून पाहू. बहात्तराने भागले असता त्याची लांबी २२ सेंटिमीटर आणि पंखांचा विस्तार साडेबारा सेंटिमीटर होतो. येथवर सारे सरळ आहे. अडचण सुरू होते ती बारीकसारीक भागांपाशी. विमानाचे अंग ज्या धातूच्या पत्र्याचे असते, त्याची जाडी दीड मिलिमीटर धरली तर प्रतिकृतीत ती मिलिमीटराचा पन्नासावा भाग व्हावयास हवी. वहीच्या कागदाची जाडीसुद्धा याच्या पाचपट असते. अर्थातच असे अंग कोणी घडवीत नाही. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची भिंत सामान्यतः एक मिलिमीटर जाड असते, म्हणजे मोठ्या विमानाच्या हिशेबाने सात सेंटिमीटरांहून अधिक! चिलखती रणगाड्यास शोभावे असे हे अंग झाले. ते बाहेरून दिसत नाही म्हणून चालते. परंतु पंखाची मागची कड दिसते. साच्यातून ती अर्धा मिलिमीटर जाडीची निघते. खऱ्या पंखावर तिची जाडी ३६ मिलिमीटर होईल, आणि वस्तुतः ती काही मिलिमीटरच असते. यास्तव जाणता कारागीर पंखाचे वरचे व खालचे अर्ध एकमेकांस चिकटविण्यापूर्वी दोन्हींची आतली बाजू काचकागदावर घासून घासून पातळ करतो. हे काम कंटाळवाणे खरे. पण यावाचून पंख पंखासारखा दिसत नाही, पाटासारखा दिसतो.

चिकटविण्याच्या क्रियेतही थोडे रसायनशास्त्र आहे. लाकूड सरसाने जोडतात तेव्हा दोन पृष्ठांच्या मध्ये सरसाचा तिसरा थर राहतो. पॉलिस्टायरीनसाठी वापरावयाचा द्रव तसा नाही. तो प्लॅस्टिक विरघळवितो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो, आणि मागे एकजीव सांधा उरतो. हे खरे पाहता डाख नव्हे, जोडकाम आहे. म्हणूनच ओल्या सांध्यावर बोट टेकले तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. सांध्यात राहिलेली फट बुजविण्यासाठी रंगारी लोक जिला ‘लांबी’ म्हणतात तशी लुकणाची पूड भरतात, ती वाळल्यावर पाण्यात भिजविलेल्या बारीक काचकागदाने घासतात, आणि मग अस्तराचा एक हात देतात. अस्तर दिल्यावर पूर्वी न दिसलेल्या सगळ्या चुका दिसू लागतात. नवशिक्यास हा क्षण फार निराशेचा वाटतो. अनुभवी मनुष्य त्याचीच वाट पाहत असतो.

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकण हा आणखी एक नाजूक भाग. जाड प्लॅस्टिक भिंगाप्रमाणे किरण वाकविते, त्यामुळे आतील आसन वेडेवाकडे दिसते. ते झाकण झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाने जोडावयास गेले, तर गोंदाची वाफ आतून बसून काच धुरकटते. येथे साधा पांढरा लाकूडकामाचा गोंदच बरा. आसनावरचे पट्टे चंदेरी कागदाच्या कातरणीतून निघतात. चौकटीचा उरलेला प्लॅस्टिकचा दांडा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून मऊ झाला की दोन्ही हातांनी हलकेच ओढावा. केसासारखा धागा तयार होतो आणि तो बिनतारी यंत्राच्या तारेच्या जागी शोभतो. वेगमापकाच्या नळीसाठी इंजेक्शनची जुनी सुई उत्तम. मात्र ती निर्जंतुक केलेली असावी, आणि मुलांनी ती मोठ्या माणसांकडूनच कापून घ्यावी.

‘मरुत’सारखे पुढे नाकाखाली एक चाक असलेले विमान पुष्कळदा तयार झाल्यावर चाकांवर उभे न राहता शेपटीवर बसते. याचे कारण उघड आहे. खऱ्या विमानात नाकामध्ये तोफा असतात (‘मरुत’मध्ये तीस मिलिमीटरच्या चार होत्या), उपकरणे असतात, पुढे वैमानिक बसतो, हे सारे वजन मागच्या एंजिनांना तोलून धरते. प्रतिकृतीत एंजिने नाहीत आणि तोफाही नाहीत, सगळीकडे सारख्या जाडीचे प्लॅस्टिक तेवढे आहे. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे गेला की संपले. धड बंद करण्यापूर्वी नाकात शिशाचे दोन-तीन तुकडे बसविणे हा यावरचा उपाय. धड चिकटवून रंगवून झाल्यावर ही आठवण होणे, हा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्यास एकदा तरी येणारा प्रसंग आहे.

आता रंग. रंगाचे तीन-चार हात मिळून मिलिमीटराचा विसावा भाग जाडी होते असे मानले, तर बहात्तराने गुणिले असता ती साडेतीन मिलिमीटरांहून जास्त भरते. खऱ्या विमानावरील रंगाचा थर यापुढे नगण्य असतो. जाड रंगाखाली नक्षी बुडून जाते, म्हणून रंग पातळ करून फवाऱ्याने देतात. छटेचाही प्रश्न आहे. दूरच्या डोंगराचा हिरवा रंग निळसर-फिका दिसतो, कारण मधली हवा प्रकाश विखुरते. लहान विमान हे दूरच्या मोठ्या विमानाचे चित्र मानावयाचे, तर रंगही किंचित फिका घेतला पाहिजे. किती, याविषयी कारागिरांत एकमत नाही आणि होईल असे वाटत नाही. भारतीय वायुसेनेच्या वर्तुळचिन्हात मध्यभागी केशरी, मग पांढरा आणि बाहेर हिरवा असा क्रम असतो. तो उलटा होणे किंवा केशरीचा तांबडा होणे, ही मात्र मतभेदाची बाब नसून सरळ चूक आहे.

तपशील किती भरावा, हा यापेक्षा मोठा वाद. विमानाच्या अंगावर रिव्हेटांच्या हजारो टोप्या असतात, पत्र्यांच्या जोडरेषा असतात. त्या सगळ्या कोराव्यात की काय? याचे उत्तर डोळ्याकडेच मागता येते. निरोगी डोळ्यास दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्याशी सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करावा लागतो. टेबलावरील विमान आपण साधारण चाळीस सेंटिमीटरांवरून पाहतो. या अंतरावर तो कोन म्हणजे मिलिमीटराच्या दहाव्या भागाहून किंचित अधिक. त्यास बहात्तराने गुणावे: ८.४ मिलिमीटर. दुसऱ्या वाटेने हिशेब केला तरी तेच येते. चाळीस सेंटिमीटरांस बहात्तराने गुणिले की २९ मीटर होतात. आणि २९ मीटरांवर उभ्या असलेल्या खऱ्या विमानाची आठ मिलिमीटरांहून बारीक वस्तू डोळ्यास वेगळी दिसत नाही. रिव्हेटाची टोपी चार-पाच मिलिमीटरांची असते. अर्थात एकेक रिव्हेट स्पष्ट दिसणारी प्रतिकृती कितीही कष्टाने केलेली असो, ती खऱ्या विमानासारखी दिसत नाही. पाव मिलिमीटर रुंदीची कोरीव रेष म्हणजे १८ मिलिमीटरांची फट. असे विमान खरोखर असते तर त्याच्या पत्र्यांमधून बोट आत गेले असते. वस्तुसंग्रहालयांतील कित्येक देखण्या प्रतिकृतींतही हा दोष असतो. नजरेस सुखावणारा असल्यामुळे तो सहसा कोणी दोष मानीत नाही, एवढेच.

येथपर्यंत लांबीचा विचार झाला. परंतु विमान केवळ दिसावयाचे नसते. त्यास उभे राहावयाचे असते आणि उडावयाचे असते. लांबी बहात्तर पटींनी घटली की क्षेत्रफळ बहात्तर गुणिले बहात्तर, म्हणजे ५,१८४ पटींनी घटते. घनफळ, आणि तोच पदार्थ वापरल्यास वजनही, ३,७३,२४८ पटींनी घटते. हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाडांचे आणि तुळ्यांचे दाखले देऊन समजाविला होता. त्याप्रमाणे ‘मरुत’चे पूर्ण भाराचे वजन जेमतेम २९ ग्रॅम होते, म्हणजे पाच रुपयांच्या सुमारे पाच नाण्यांइतके, आणि २८ चौरस मीटरांचे पंख ५४ चौरस सेंटिमीटरांचे, अर्ध्या पोस्टकार्डाहूनही लहान. खऱ्या विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरावर सुमारे ३९० किलोग्रॅमांचा भार पडत होता. लहान विमानात तो साडेपाच किलोग्रॅमांच्या आत येतो. म्हणून प्लॅस्टिकच्या सुईएवढ्या पायांवर लहान विमान मजेत उभे राहते. तेच प्लॅस्टिक घेऊन मोठे विमान केले, तर ते स्वतःच्याच वजनाने वाकेल. लहान वस्तू तुलनेने बळकट असतात. तो कारागिराचा गुण नव्हे, भूमितीचा आहे.

मग भार इतका हलका झाल्यावर लहान विमान अधिक सहज उडावयास हवे. एका अर्थी ते उडतेही. हवेने पंखास दिलेली उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भार बहात्तर पटींनी कमी असेल, तर बहात्तरच्या वर्गमूळाइतका, म्हणजे साडेआठ पटींनी कमी वेग पुरतो. परंतु हा हिशेब एक गोष्ट विसरतो. विमान लहान झाले, हवा लहान झालेली नाही. हवेचे रेणू तेवढेच, तिची घनता तेवढीच, आणि तिचा चिकटपणा, म्हणजे श्यानता, तीही तेवढीच राहते.

हे किती महत्त्वाचे आहे, ते ऑस्बर्न रेनल्ड्स या इंग्रज अभियंत्याने १८८३ साली नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोग करून दाखविले. प्रवाह शांत राहील की खळबळेल, हे एकट्या वेगावर ठरत नाही, एकट्या आकारावरही नाही. वेगास लांबीने गुणून त्यास द्रवाच्या श्यानतेने, अर्थात घनतेचा हिशेब धरून, भागले असता जो अंक येतो त्यावर ते ठरते. या अंकास रेनल्ड्स अंक म्हणतात. दोन वस्तूंचा आकार सारखा आणि रेनल्ड्स अंकही सारखा असेल, तर त्यांच्याभोवतीचे प्रवाह सारखे. आपल्या लहान विमानात लांबी ७२ पटींनी आणि वेग साडेआठ पटींनी घटला. म्हणजे रेनल्ड्स अंक सहाशेपटींहून अधिक उतरला. त्या विमानाच्या दृष्टीने हवा जणू काकवीसारखी दाट झाली. मोठ्या पंखावरून जो प्रवाह चिकटून वाहतो, तो लहान पंखावरून लवकर सुटून जातो. उचल घटते, अवरोध वाढतो. हुबेहूब प्रतिकृती हुबेहूब उडत नाही, याचे हे कारण. उडणारी छोटी विमाने करणारे लोक पंखांचा छेद मुद्दाम बदलतात, तो अधिक पातळ आणि वेगळ्या वळणाचा करतात. म्हणजे ज्यास दिसण्यात सत्य हवे, त्याने आकार सांभाळावा. ज्यास उडण्यात सत्य हवे, त्याने आकार मोडावा.

विमान घडविणाऱ्या अभियंत्यास मात्र दोन्ही हवे असते. राइट बंधूंनी १९०१ साली सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि पत्र्याच्या जवळपास दोनशे लहान पंखांची उचल मोजली. अशा पेटीस वायुबोगदा म्हणतात. विमान हवेतून जाण्याऐवजी येथे हवा विमानावरून जाते, एवढाच फरक. परंतु बोगद्यातही रेनल्ड्स अंक पाठ सोडीत नाही. एकदशांश आकाराची प्रतिकृती घेतली, तर अंक जुळविण्यासाठी वारा दहापट वेगाने सोडावा लागेल. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानासाठी हा वेग ताशी अडीच हजार किलोमीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट. आणि तेथे तर प्रवाहाचे नियमच बदलतात. एक दुखणे बरे करताना दुसरे ओढवून घ्यावे, तशी ही गत. प्रांट्ल यांचाच एक विद्यार्थी माक्स मुंक याने अमेरिकेत १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत यावर वेगळी तोड काढली. वेग वाढविण्याऐवजी त्याने हवेचीच घनता वाढविली; पोलादी टाकीत वीस वातावरणांच्या दाबाखाली कोंडलेल्या हवेत त्याचा बोगदा चाले.

भारतात या विद्येचे केंद्र बंगळूरच झाले. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत डॉ. घाटगे यांचा वाटा मोठा होता. तेथे वायुबोगदे उभारले गेले, त्यांपैकी एकाचा छेद चौदा फूट रुंद व नऊ फूट उंच आहे. पुढे डॉ. सतीश धवन यांनी ध्वनीहून अधिक वेगाच्या प्रवाहाचा अभ्यास तेथे रुजविला. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९६७ साली १.२ मीटर छेदाचा मोठा बोगदा सुरू झाला. मोठ्या टाक्यांत दाबून भरलेली हवा त्यात एकदम सोडतात. तो झोत ध्वनीच्या वेगाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे नेता येतो, पण थोड्याच सेकंदांत संपतो. तेवढ्यात सर्व मापे घ्यावी लागतात. ‘तेजस’ विमानाच्या प्रतिकृती याच बोगद्यात तपासल्या गेल्या. या प्रतिकृती प्लॅस्टिकच्या नसतात. वाऱ्याचा तडाखा सोसण्यासाठी त्या पोलादाच्या घडवितात आणि त्यांचे पृष्ठ आरशासारखे घासतात. त्यांच्यावर रिव्हेट नसतात, आसन नसते, रंगही बहुधा नसतो. टेबलावरच्या प्रतिकृतीत ज्याची सर्वांत अधिक काळजी घेतली जाते, ते सारे येथे गाळलेले असते.

‘मरुत’ची आखणी चालू होती तेव्हा, १९५० नंतरच्या दशकात, हा मोठा बोगदा नव्हता. विमान तर ध्वनीच्या वेगाला भिडणारे व्हावयाचे होते आणि त्याचे पंख मागे झुकलेले होते. असे पंख वेगात उपयोगी पडतात, परंतु मंद वेगात, म्हणजे नेमके उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, ते कधी कधी दगा देतात. लहान प्रतिकृतीवरून मिळालेल्या उत्तरावर वैमानिकाचा जीव टांगणे धोक्याचे होते. म्हणून बंगळूरच्या कारखान्याने प्रमाणाचा प्रश्नच मुळातून मिटविला: एकास एक. ‘मरुत’च्या पूर्ण आकाराचे, तशाच पंखांचे, तशाच सुकाणूंचे, पण लाकडाचे आणि एंजिनाविना असे दोन आसनी ग्लायडर बांधले गेले. डकोटा विमानाने ते दोरीने ओढून उंच न्यावे आणि सोडून द्यावे. १९५९ साली ही उड्डाणे सुरू झाली. एकंदर ७८ झाली. लांबी तीच, हवा तीच आणि उतरण्याच्या वेगाजवळचा वेगही तोच. त्यामुळे रेनल्ड्स अंक आपोआप जुळत होता. लाकूड धातूहून हलके असल्यामुळे वजन जुळत नव्हते आणि एंजिनाचा जोर नव्हता. तेव्हा ध्वनीच्या वेगाजवळ काय होईल, याविषयी हे ग्लायडर काहीच सांगू शकत नव्हते. ते न विचारताच ठेवलेले प्रश्न होते.

धातूचे ‘मरुत’ जून १९६१ मध्ये उडाले. वैमानिक होते सुरंजन दास. जमिनीजवळच्या त्याच्या वागणुकीविषयी फारशी तक्रार राहिली नाही. अपेक्षा अपुरी राहिली ती वेगाची. ज्या शक्तिमान एंजिनावर आखणी बेतली होती ते मिळाले नाही, आणि कमी जोराच्या दोन ऑर्फिअस एंजिनांवर काम भागवावे लागले. अधिक जोर मिळविण्यासाठी मागील भागात बदल केलेल्या एका नमुन्याची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी दास यांचा अपघाती मृत्यू झाला. एकूण १४७ ‘मरुत’ बनली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली, आणि १९९० पर्यंत वायुसेनेतून निवृत्त झाली.

जी थोडी शिल्लक आहेत, ती आता संग्रहालयांत व उद्यानांत आहेत. बंगळुरात कस्तुरबा मार्गाखेरीज हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या वारसा केंद्रात ‘मरुत’ पाहावयास मिळते. मुंबईस नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्यास कमला नेहरू उद्यानात ते आहे. एक तर जर्मनीत म्यूनिकजवळच्या श्लाइसहाइम येथे गेले आहे. ज्यास ‘मरुत’ लाकडात कोरावयाचे असेल, किंवा मिळालेल्या संचातील चुका सुधारावयाच्या असतील, त्याने छायाचित्रांवर विसंबू नये. छायाचित्रात जवळचा भाग मोठा आणि दूरचा लहान येतो. त्यावरून पंखाचा कल मोजला तर तो हमखास चुकतो. व्यवस्थापकांची परवानगी घेऊन प्रत्यक्ष मापे घ्यावीत. विमानावर चढण्याची गरज नाही. एक मापाची फीत, एक ओळंबा आणि खडू एवढे साहित्य पुरे. पंखाच्या टोकापासून, मुळापासून, शेपटाच्या कडांपासून आणि नाकापासून एकेक करून ओळंबा सोडावा, तो स्थिर झाला की खाली फरशीवर खडूने खूण करावी. वारा असेल तर ओळंब्याचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावे. तो लवकर स्थिरावतो. सर्व खुणा सरळ रेषांनी जोडल्या की विमानाची पूर्ण आकाराची वरून दिसणारी आकृती जमिनीवर तयार होते, आणि मग ती मोजून वहीत बहात्तराने भागून उतरून घेता येते. पंखांच्या दोन टोकांच्या खुणांमधील अंतर ९ मीटर भरले पाहिजे; न भरल्यास ओळंबा पुन्हा सोडावा.